सांगेल त्याला शिक्षा नाही

६ जानेवारी

राग शिळा होऊ नये म्हणून ही वही काढली आहे. माझा स्वभाव मला ठाऊक आहे. मी कडाडून भांडते आणि आठवडा गेला की त्याच माणसाबरोबर चहा पीत बसते. या वेळी तसं होऊ द्यायचं नाही.

झालं ते असं. आईच्या छातीत कफ झाला म्हणून तिला आमच्याच हॉस्पिटलात, वरच्या मजल्यावर बायकांच्या वॉर्डात ठेवली. मी खाली ऑपरेशन थिएटरला. म्हटलं, घरचंच आहे, काळजी कसली. पहाटे तिला संडासला जायचं होतं. तिने बेलसाठी हात लांब केला तर बेल हाताला लागेना. बेलची वायर कुणीतरी गुंडाळून कॉटच्या मागे, सलाइनच्या हुकाला अडकवून ठेवलेली. आईने हाका मारल्या. कुणी आलं नाही. मग ती एकटीच उठली आणि पडली. खुब्याचं हाड मोडलं. ज्या टेबलाशी मी उभं आयुष्य काढलं त्याच टेबलावर तिला आणली, आणि ऑपरेशन करणाऱ्या सरांनी मला बाहेर बसवलं. म्हणाले, "आज तू सिस्टर नाहीस, नातेवाईक आहेस."

आज ती घरी आली. हॉलमधला सोफा गॅलरीत ढकलून तिथे कॉट टाकली. ती पुन्हा चालेल का, हे सर सांगत नाहीत. दर दोन तासांनी कूस बदला, पाठ जपा, एवढंच म्हणाले. मला सांगतात, जसं काही मला माहीतच नाही.

वायर गुंडाळणारी कोण तेही कळलं. तिला सगळे मैना म्हणतात, कारण तोंडाला विश्रांती नाही. वरच्या वॉर्डात म्हणे ही पद्धतच आहे. जी पेशंट फार बेल वाजवते तिची वायर हुकाला टाकायची. त्याला त्या "बेल झोपवणं" म्हणतात. एवढ्या वर्षांत माझ्या कानावर हे आलं नव्हतं. येणार कुठून? माझे पेशंट भूल दिलेले असतात. मला कुणी बेल वाजवून बोलावत नाही.

मैनाची मी नोकरी घालवणार आहे. इथे लिहून ठेवते, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

८ जानेवारी

मैना घरी आली. हातात बिस्किटांचा पुडा. दारातच उभी राहिली आणि मी काही विचारायच्या आत सुरू झाली.

"सिस्टर, बेल मीच वर टाकली होती. मीटिंगमध्ये मी सांगितलंय सगळं. पलीकडच्या बाईंना धाप लागली होती, मी एकटी होते, आणि आई सारख्या बेल दाबत होत्या. उशी सरकवा, पडदा ओढा, असंच काहीबाही. म्हटलं, जरा वेळ वर टाकते, मोकळी झाले की काढते. विसरले मी. खरंच विसरले."

मी म्हटलं, "विसरलीस? मी फडकं मोजायला विसरले तर माणसाच्या पोटात राहील. मी विसरते का?"

तिचे डोळे भरले. भरू देत. रडून हाडं जुळत नाहीत.

तेवढ्यात आई आतून ओरडली, "कोण गं? मैना आली का? आत पाठव की तिला." मी दार लावून घेतलं. आईने दुपारी माझ्या हातून जेवायचं नाकारलं. म्हणाली, "पोरगी पायरी चढून माफी मागायला आली. तू दार लावतेस? कारलं तुपात तळा नाही तर साखरेत घोळवा, तू कडू ती कडूच."

आईला कळत नाही. ती मैनावर लट्टू आहे. मैना तिला इंजेक्शन देताना स्वतःच्या सासूच्या नकला करून दाखवायची म्हणे. हसवून हसवून खुबा मोडला.

११ जानेवारी

मेट्रनबाईंनी बोलावलं. चहा मागवला, तेव्हाच ओळखलं की कडू घास घशाखाली उतरवायला सांगणार आहेत.

वर्षभरापूर्वी त्यांनी हॉस्पिटलात नियम आणला: सांगेल त्याला शिक्षा नाही. जिन्याजवळ एक पेटी लावली. आपल्या हातून चूक झाली, होता होता राहिली, तर चिठ्ठी टाकायची किंवा मीटिंगमध्ये सांगायचं. कुणी ओरडणार नाही, पगार कापणार नाही. मैनाने त्या नियमाच्या भरवशावर तोंड उघडलं. तिने सांगितलं म्हणून बेल झोपवण्याची पद्धत वरपर्यंत कळली. आता प्रत्येक कॉटला वायरसाठी क्लिप बसवणार आहेत, पहाटेच्या पाळीला एक सिस्टर वाढवून मागणार आहेत.

मी म्हटलं, "वा. आईचं हाड मोडून तुम्हाला क्लिपा मिळाल्या."

त्या म्हणाल्या, "तिने सांगितलं नसतं तर आपण म्हणालो असतो, म्हातारी बाई, झोपेत उठली, पडली. तुला कधी कळलंही नसतं. आता तिला काढलं तर उद्या कोण तोंड उघडेल?"

"चोर कबूल झाला म्हणून त्याची आरती ओवाळायची का?" मी म्हटलं आणि चहा तसाच ठेवून आले. थंड झाला असेल. होऊ दे.

१२ जानेवारी

हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांना भेटले. त्यांना मेट्रनबाईंचे नियम पाठ नाहीत, पण पेपरात नाव आलं तर काय होतं ते पाठ आहे. मी आवाज चढवला नाही. एवढंच म्हटलं की मी या हॉस्पिटलची नोकर आहे, पण पडलेल्या बाईची मुलगीही आहे, आणि मुलगी कुठेही जाऊन बोलू शकते. त्यांनी घाम पुसला. "पुरावा काय?" म्हणाले. मी म्हटलं, "तिने स्वतः सांगितलंय, भर मीटिंगमध्ये. अजून काय हवं?"

बाहेर पडले तेव्हा बरं वाटत होतं. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

१५ जानेवारी

घरी नवं लचांड. आईसाठी दिवसाची बाई ठेवली होती, आम्ही तिला मावशी म्हणायचो. अंगाने दणकट, आईला एका हाताने कुशीवर करायची. आज मी घरात पाय ठेवते तोच समोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "ताई, सांगून टाकते. आज आईंना वळवताना माझा हात निसटला. पाय जरा कॉटच्या कडेला लागला. सुजलं नाही काही, पण तुम्ही बघून घ्या."

बघितलं. नडगीवर लाल वळ होता, बाकी काही नाही. पण माझं टाळकं सरकलं. एकदा दुधाने तोंड पोळलेलं आहे. मी तिचा त्या दिवसापर्यंतचा हिशोब हातावर ठेवला आणि उद्यापासून येऊ नकोस म्हटलं. ती म्हणाली, "मी सांगितलं नसतं तर तुम्हाला कळलं असतं का?" सगळ्यांना हेच एक वाक्य कुणी शिकवून ठेवलं आहे कोण जाणे.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. दादा टीव्हीचा आवाज कमी करून बसला होता. मी वहिनीला म्हटलं, दुसरी बाई मिळेपर्यंत तू बघ, तुझ्यासारखं जपून कोण करणार. ती "बरं वन्सं" म्हणाली. तिच्या कंबरेचं दुखणं आहे, पण घरच्या माणसाची सर परक्याला नाही.

१९ जानेवारी

ठमी माझ्याशी भांडली. ठमी म्हणजे थिएटरातली माझी जोडीदारीण, अंगाने ठेंगणीठुसकी आणि जिभेने लवंगी. रक्त टिपायची फडकी मोजायला आम्ही दोघी, एक टेबलाशी, एक खाली. आत किती गेली तो आकडा मी म्हणायचा, बाहेर किती आली तो तिने, जुळला की पोट शिवायचं. तिच्याशिवाय मी कुणाच्या आकड्यावर विश्वास ठेवत नाही.

हात धुताना म्हणाली, "त्या पोरीला दोन लेकरं आहेत."

"माझ्या आईलाही दोनच आहेत," मी म्हटलं.

"अगं, बेल सगळ्याच झोपवतात वर. ती एकटी बोलली. बाकीच्या बसल्यात गप्प, अळीमिळी गुपचिळी. तू बोलणारीलाच धरलंस."

"जी सापडली तिला धरलं."

ठमी दिवसभर फक्त आकडे बोलली.

२४ जानेवारी

आईचं काहीतरी बिनसलंय. येता-जाता बघते तर भिंतीकडे तोंड. विचारलं तर म्हणते, इकडे बरं वाटतं. मैनावरून रुसली आहे. तिला वाटतं, अबोला धरला की मी विरघळेन.

संध्याकाळी मी अंग पुसायला घेतलं तर पांघरूण घट्ट धरून ठेवलं. "तुझे हात गार आहेत. सुनेने केलंय दुपारीच." वहिनीही लगबगीने आली, "मी केलंय सगळं, तुम्ही दमून आलात, बसा." बसले. दमले तर होतेच. रात्रीही वहिनीच आईजवळ झोपते, मला उठू देत नाही. सासूसुनेचं एवढं गूळपीठ मी जन्मात बघितलं नव्हतं. माझ्या भांडणाचा एवढा तरी फायदा झाला.

२९ जानेवारी

मैना गेली.

मोठ्या साहेबांनी तिच्याकडून राजीनामा लिहून घेतला. काढून टाकलं असं दिसायला नको म्हणून. मेट्रनबाई सही करायला तयार नव्हत्या, तेव्हा साहेबांनी स्वतः केली. ठमीने सांगितलं की ती लॉकरमधल्या चपला पिशवीत घालून मागच्या दाराने गेली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिचं तोंड बंद होतं.

मला वाटलं होतं की आनंदाने उड्या मारेन. तसं काही झालं नाही, पण छातीवरचं एक ओझं उतरल्यासारखं झालं, हे खरं. जे करीन म्हटलं ते केलं.

घरी येऊन आईला सांगितलं. तिने वहिनीकडे बघितलं, वहिनीने तिच्याकडे. आई म्हणाली, "जिने सांगितलं तिला काढलीस. मावशीनेही सांगितलं, तिलाही काढलीस."

मी म्हटलं, "तुझ्यासाठीच करते आहे हे सगळं."

"ते बघतेच आहे," आई म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

४ फेब्रुवारी

मेट्रनबाईंनी मीटिंगमध्ये जिन्याजवळची पेटी उघडली. आत एकही चिठ्ठी नाही. पेटी लावल्यापासून असं झालं नव्हतं. मागच्या महिन्यापर्यंत दहा-पंधरा तरी निघायच्या: गोळी चुकीच्या कॉटला नेली पण दिली नाही, ओल्या फरशीवर पाय घसरला, असलं काही. मेट्रनबाई पेटीत हात घालून कोपरे चाचपत राहिल्या.

मी म्हटलं, "बघा, धाक बसला. चुकाच थांबल्या."

हल्ली मी कँटीनमध्ये शिरले की टेबलं गप्प होतात. जळतात मेल्या.

७ फेब्रुवारी

वरच्या वॉर्डात आणखी एक बाई पडली. कॉटला नव्या क्लिपा आहेत, बेल हाताशी होती. पण मैनाच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. ती बेल कुणी ऐकली, किती वेळ वाजली, पाळीला कोण होतं, कुणालाच काही माहीत नाही. प्रत्येकीचं एकच, "मी दुसऱ्या टोकाला होते." सगळ्यांच्या तोंडाला कुलूप.

हे मी खपवून घेणार नाही. मैना गेली म्हणून बाकीच्या सुटल्या असं त्यांना वाटत असेल तर वाटू दे. एकेकीला बाजूला घेऊन विचारणार आहे.

आईला थोडी कणकण आहे. हवा बदलली आहे. जेवण अर्ध्यावर आलं आहे, म्हणते चव नाही. वहिनीने हॉलच्या खिडक्या सताड उघड्या ठेवल्या होत्या, एवढ्या गारठ्यात. फरशीला दोनदा फिनेल, चादरींवर पावडरचा मारा. हल्ली तिने स्वच्छतेचं वेडच घेतलं आहे. चांगलंच आहे म्हणा. मात्र स्वतः वाकून चालते. मी म्हटलं दुसरी बाई बघू का, तर घाईघाईने नको म्हणाली. "परक्या बाईचं काही चुकलं म्हणजे पुन्हा तुम्हाला त्रास."

१० फेब्रुवारी

आज थिएटरात एक गोष्ट घडली. शेवटची केस. मी आकडा म्हटला, ठमीने आकडा म्हटला. जुळला. सर शिवायला घेणार, एवढ्यात ठमी म्हणाली, "थांबा सर, मला परत मोजायचंय." मोजलं तर एक फडकं कमी; शोधलं तेव्हा बादलीमागे पडलेलं सापडलं. म्हणजे तिने आधी न मोजताच माझ्या आकड्याला आकडा जुळवला होता.

नंतर मी तिला खिंडीत गाठलं. "खोटा आकडा म्हटलास?"

"म्हटला. आकडा जुळला नाही तर तू माझ्याकडे कशी बघतेस, ते तुला माहीत नाही. मला भीती वाटली तुझी." ठमीला माझी भीती. एका ताटात जेवलेलो आम्ही. "मग वाटलं, त्या माणसाच्या पोटात राहिलं तर? म्हणून बोलले. आता सांग साहेबांना जाऊन."

मी सांगितलं नाही. तिचं नाव मोठ्या साहेबांकडे नेणं जमलं नाही मला. पण राग आला, प्रचंड आला, आणि तो नक्की कुणाचा आला हे घरी पोचेपर्यंत ठरेना.

११ फेब्रुवारी

आज अर्ध्या दिवसाची रजा घेतली. मुद्दाम घरी न कळवता दुपारीच परत आले. आईला ताप भरला होता, मला तिचं अंग बघायचं होतं. वहिनी आंघोळीला गेली होती. मी पांघरूण काढलं. आईने हात धरला, पण तिच्या हातात आता जोर नाही. मी तिला कुशीवर केलं.

माकडहाडावर जखम. तळहात मावेल एवढी. कडा काळ्या, आत पिवळं, वास फिनेललाही न दबणारा. वर घरातल्याच जुन्या साडीची घडी, स्वच्छ धुतलेली, चिकटपट्टीने नीट लावलेली. वहिनीच्या हातची. बिचारीने जमेल तेवढं केलं होतं. एकटीला वळवणं जमत नव्हतं. मावशीला जमायचं.

मी जमिनीवर बसले. आयुष्यभर दुसऱ्यांची पोटं उघडी बघितली, कधी भोवळ आली नाही.

"का नाही सांगितलंस?" मी आईला विचारलं.

आई भिंतीकडे बघत म्हणाली, "सांगितलं असतं तर तू तिला घरात ठेवली असतीस? नोकरीवरून काढतेस तशी सून काढता येत नाही गं. दादाचं घर मोडलं असतं. पाठ काय, भरून येईल."

"आई, ही भरून येणारी—" म्हटलं आणि थांबले.

"कळतं मला. वास मलाही येतो."

वहिनी ओल्या केसांनी दारात आली. माझ्याकडे बघितलं, उघड्या पाठीकडे बघितलं, आणि भिंतीला टेकली. मार खायला उभं राहावं तशी. दादा मागून येऊन तिच्या पुढ्यात उभा राहिला. माझा भाऊ, माझ्यापासून बायकोला आडोसा करून.

सरांना फोन लावला. उद्या सकाळी दाखल करा म्हणाले. जखम साफ करावी लागेल, आत हाडापर्यंत गेली असेल तर कठीण आहे. मग विचारलं, "किती दिवसांची आहे? ताप आधी आला की जखम आधी? त्यावर पुढचं सगळं ठरवायचं आहे. नीट विचारून ठेव."

फोन ठेवला. जमेल तेवढा आवाज खाली आणला आणि वहिनीला विचारलं, "कधीपासून आहे?"

"परवापासून," वहिनी म्हणाली.

मला जखमांचं वय कळतं. अशी काळी कड परवाची नसते. मी म्हटलं, "वहिनी, खरं सांग. सरांना हवंय. मी काही बोलणार नाही, कुणाला काही करणार नाही. आईची शपथ."

तिने माझ्या तोंडाकडे नीट निरखून बघितलं. सांगेल त्याला शिक्षा नाही, असं मैनालाही कुणीतरी म्हटलं होतं. हे तिला ठाऊक होतं. रोज रात्री जेवताना मीच तर सांगायची.

"खरंच, वन्सं. परवापासूनच."

दादाकडे वळले. "परवाच दिसलं आम्हाला," तो म्हणाला, जमिनीकडे बघत.

मी आईजवळ गेले. तिच्या कपाळावर हात ठेवला, चटका बसला. तिच्या कानाशी वाकून म्हटलं, "तू तरी सांग. तुझ्या जिवाचा प्रश्न आहे."

"परवापासूनच गं," आई म्हणाली.

सकाळी सर पुन्हा विचारतील. या घरात तीन माणसांना ते माहीत आहे, आणि मला त्यातलं एकही सांगणार नाही.